गाडी आणि कागद : जिप्सीच्या पासिंगच्या तारखा नीट वाचा

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. बरीच वर्षं मनात असलेली जिप्सी यंदा घ्यायचीच असं ठरवलंय. पुण्यातल्या एका गृहस्थांकडे १९९७ ची जिप्सी किंग आहे. एमएच-१२ चं पासिंग, तिसरा मालक, रंग नुकताच दिलेला. साडेचार लाख सांगतात. आरसीवर मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे, विमा चालू आहे, पीयूसीही आहे. त्यांचं म्हणणं, "आरटीओनं पास केलीय, आता अजून काय बघायचं?" पासिंग आहे म्हणजे गाडी पक्की धरायची का? आणि आधीची पासिंगं कशी झाली ते कुठं कळतं?
— एक वाचक, कराड

उत्तर : पक्की धरू नका. मोटार वाहन निरीक्षक म्हणून मी उमेदीची सगळी वर्षं हेच काम केलं, त्यामुळे त्या शिक्क्याची किंमत मला ठाऊक आहे आणि मर्यादाही. २०२७ पर्यंत मुदत म्हणजे २०२२ च्या सुमारास एका दिवशी ही गाडी निरीक्षकासमोर उभी होती. त्या दिवशी तिचे ब्रेक लागत होते, दिवे, हॉर्न, वायपर चालत होते, टायर बरे होते आणि चासी-इंजिनचे नंबर आरसीशी जुळत होते. पटांगणात मागे गाड्यांची रांग लागलेली असते. तिथं कोणी आतलं मॅट उचलून पत्रा खरवडत नाही. त्यानंतर या गाडीनं किती पावसाळे काढले, ती कुठं उभी होती, कोणाच्या हातात होती, हे आरसीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून शेवटच्या तारखेवर थांबू नका, पहिल्यापासूनची साखळी मांडा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर ५ वर्षांनी तपासणी करून पुढं वाढते. तुमची जिप्सी ऑगस्ट १९९७ ची असेल तर पहिलं रिपासिंग २०१२ ला, दुसरं २०१७ ला, तिसरं २०२२ ला व्हायला हवं. मालकांना तिन्हीचे कागद मागा. फी भरल्याच्या पावत्या, हरित कराच्या पावत्या, जुनं आरसी पुस्तक किंवा त्याची झेरॉक्स, जे असेल ते. मुदत संपायची तारीख आणि महिना पहिल्या नोंदणीशी जुळत नसेल, तर मध्ये काय झालं ते विचारा. गाडी दोन-तीन वर्षं बिनपासिंगची उभी असेल तर ती शेडमध्ये होती की झाडाखाली, याला महत्त्व आहे. उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, ब्रेकचे व्हील सिलिंडर धरतात, वायरिंग उंदीर खातात. पण सगळ्यात जास्त सोसते ती चासी, कारण चिखल जिथं अडकलेला असतो तिथंच ओल धरून राहतो.

आपल्याकडे एका गाडीची आजवरची सगळी तपासणी एका जागी वाचायला मिळत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, आरसीची, विम्याची आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा आहे का, एवढं कळतं. हे सगळं आजचं चित्र. मागचं चित्र आपण कागदांवरून जोडायचं असतं. मालकांची खरंच विकायची इच्छा असेल तर ते आरटीओकडे अर्ज करून, फी भरून आरसी पर्टिक्युलर्स काढून देऊ शकतात. त्यावर दप्तरातल्या नोंदी येतात. जो मालक यासाठी एक अर्ज करायला तयार नाही, त्याच्याशी मी पुढचं बोलणं करणार नाही.

विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा. लोक त्या जपून ठेवतात, पण वाचत कोणी नाही. विम्यात खंड पडला असेल तर संपूर्ण विमा पुन्हा देण्याआधी कंपनी आपला माणूस पाठवून गाडी बघते, फोटो काढते आणि मीटरचा आकडाही टिपते. तो अहवाल मिळाला तर सोनं समजा. त्या दिवशी गाडीचा रंग कोणता होता, पुढचा बंपर, काच, मागचा दरवाजा कसा होता, हे त्यात दिसतं. गॅरेजच्या बिलांवरही किलोमीटर लिहिलेले असतात. ते तारखांच्या क्रमानं लावा. २०१६ च्या बिलावर ९१,००० आणि आज मीटरवर ६४,००० असतील, तर मीटर बदललेला असेल, मागे फिरवलेला असेल किंवा पाच आकडी असून ९९,९९९ नंतर शून्यावर आलेला असेल. तिन्हींचे अर्थ वेगळे. मालकांनी यातला एक ठामपणे सांगावा आणि त्याला आधार दाखवावा.

पीयूसीच्या जुन्या चिठ्ठ्याही फेकण्यासारख्या नाहीत. १९९७ च्या गाडीला दर ६ महिन्यांनी पीयूसी लागते. पेट्रोलच्या अशा जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. चार-पाच चिठ्ठ्या शेजारी ठेवा. आकडा हळूहळू वर चढत असेल तर कार्बोरेटर किंवा इंजिन काहीतरी सांगतंय. आणि प्रत्येक चिठ्ठीवर दशांशापर्यंत तोच आकडा असेल, तर नळी सायलेन्सरमध्ये घातली होती का, याचीच मला शंका येते.

आता जिप्सीपुरती एक नेमकी गोष्ट. मारुतीनं १९८५ च्या अखेरीस आणलेल्या पहिल्या जिप्सीचं इंजिन ९७० सीसीचं. १९९६ ला किंग आली, तिचं १,२९८ सीसी, कार्बोरेटरवालं, इंजिनचा प्रकार जी१३बीए. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारं इंजिन आलं ते २००० मध्ये. म्हणजे तुमच्या १९९७ च्या किंगच्या आरसीवर १,२९८ सीसी हवेत आणि बॉनेट उघडल्यावर कार्बोरेटर दिसायला हवा. इंजेक्टरची रेल दिसली तर इंजिन नंतरच्या जिप्सीचं किंवा एस्टीमचं आहे. गाडी कदाचित जास्त छान पळत असेल. पण त्या बदलाची नोंद आरसीवर आहे का, इंजिन नंबर जुळतो का, हे बघा. नोंद नसेल तर २०२७ ला रिपासिंगच्या दिवशी तो प्रश्न तुमच्यापुढं उभा राहणार, विकणाऱ्यापुढं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय गाडीत फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबद्दल कडक निकाल दिला. सॉफ्टटॉपची हार्डटॉप केली असेल, तर बॉडीच्या प्रकाराची नोंदही पाहून घ्या.

गाडी लष्करातून लिलावात निघालेली आहे का, हेही विचारा. सैन्यानं जिप्सी फार मोठ्या संख्येनं वापरली, आणि निकाली काढलेल्या गाड्या नंतर आरटीओत नोंदल्या जातात. अशा गाडीचं उत्पादनाचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष यांत बरंच अंतर दिसतं. त्यात गैर काही नाही, मात्र लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं नमुना २१ मधलं विक्री प्रमाणपत्र आणि लिलावाचे कागद हवेत. ते नसतील तर चासी कोणाची आणि नंबर कोणाचा, हे सांगणं कठीण होतं.

दिल्लीकडची गाडी असेल तर जास्त सावध राहा. राजधानी परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, तेव्हापासून तिकडच्या जिप्सी स्वस्तात खाली येऊ लागल्या. गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, आहे का आणि नोंदणी अजून जिवंत दाखवते का, हे आधी तपासा. ॲपवर नोंदणी रद्द दिसत असेल तर गाडी कितीही देखणी असो, हात लावू नका. चोरीची शंका आली तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर नंबर टाकून बघता येतं.

कागद जमले की मगच पुण्याला जा. जाताना ते सोबत न्या, बरोबर एक टॉर्च, छोटी हातोडी आणि लोहचुंबक घ्या. नुकताच रंग दिलाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते. लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकांवरच्या पत्र्याला आणि पुढच्या काचेच्या चौकटीखाली लावा. जिथं तो धरत नाही तिथं आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मॅट उचला, दोन्ही बाजूंचा तळपत्रा बघा. मग गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. पुढचे-मागचे पाटे चासीला जिथं जोडलेले असतात ते हँगर, शॅकल, बॉडी माउंट आणि मागचा क्रॉस मेंबर हातोडीनं हलके ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेल्याचा आवाज बसका येतो. खालून सगळीकडं ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल तर मला त्याचा आनंद होत नाही. कोटिंग कधी केलं, बिल कुठाय आणि त्याआधीचा फोटो आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारा. चासी नंबर ठोकलेल्या जागी रंग खरवडलेला, वेल्डिंग केलेलं किंवा आकडे वेगवेगळ्या उंचीचे दिसले तर तिथंच थांबा. नंबरावर कागद धरून पेन्सिलनं छाप घ्या आणि घरी येऊन आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आम्हीही तेच करायचो.

किमतीबद्दल एवढंच. ऑगस्ट २०२७ ला पुन्हा पासिंग तुमच्याच नावावर येणार. २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क ५,००० वरून १०,००० रुपयांवर नेलं, शिवाय हरित कर. मुदतीच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो वेळेत करा. चासीला जे काम निघेल त्याचा अंदाज पुण्यातल्याच एखाद्या जिप्सी जाणणाऱ्या मेस्त्रीकडून लेखी घ्या आणि मग भावाला बसा. सौदा ठरला तर मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी करून घ्या. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न : नमस्कार ताई. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. नवऱ्याला आणि मला १९९६ ची लँड रोव्हर डिफेंडर ९० घ्यायची आहे, ३००टीडीआय इंजिनची. इथं नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे गाडीच्या दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो. त्यात २०१३ ला मागच्या चासीच्या गंजामुळं नापास, आठ दिवसांनी पास, मग २०१६ ते २०१९ काहीच नोंद नाही, आणि त्यानंतर दर वर्षी स्वच्छ पास. आमच्या मते गाडी आता चांगली आहे. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : तुमच्या हातात जे आहे ते इथल्या गाडी घेणाऱ्याला मिळालं असतं तर वरचं अर्धं उत्तर मला लिहावंच लागलं नसतं. दर वर्षीची तपासणी, पास की नापास, कशामुळं, मीटरवर किती मैल, आणि २००५ पासूनचं सगळं सर्वांसाठी खुलं. आपल्याकडेही असं व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता तुमच्या गाडीकडे. नापासचा शेरा शब्दशः वाचा. गंज कोणत्या जागी होता, डावीकडं की उजवीकडं, स्प्रिंगच्या जोडाजवळ की टोकाला. आठ दिवसांत पास झाली म्हणजे बहुधा तेवढ्या जागी पत्रा वेल्ड केला असेल. डिफेंडरची बॉडी ॲल्युमिनियमची, पण चासी आणि पुढची बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत, पोलादाची, त्यामुळं वरून गाडी तरुण दिसते आणि खालून म्हातारी असते. तिथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते चासीच्या पोकळीत शिरून आतून खातं. २०१३ ला मागचा भाग गेला असेल तर उरलेली चासीही तेवढीच वर्षं जुनी आहे. म्हणून २०१९ नंतरचे स्वच्छ शेरे मला निर्धास्त करत नाहीत. तपासनीस गाडी खोलत नाही, आणि जाड अंडरसील मारलं की त्याला खालचं दिसत नाही. कधीकधी तो तसं लिहूनही ठेवतो. असा शेरा कुठल्या वर्षी पहिल्यांदा आला ते शोधा.

पासच्या खाली दिलेले सल्ल्याचे शेरे नापासपेक्षाही जास्त उपयोगी असतात. एखादा शेरा तीन वर्षं सलग येतो आणि चौथ्या वर्षी गायब होतो, तर त्या वर्षीचं दुरुस्तीचं बिल मागा. बिल नसेल तर कदाचित तपासणीचं ठिकाण बदललं असेल. गाडीच्या व्ही५सी नोंदणीपत्रावरचा क्रमांक असेल तर तपासणी कुठं झाली तेही दिसतं, मालकांसमोर बसून बघा.

२०१६ ते २०१९ ची फट काळजीची असेलच असं नाही. गाडी रस्त्यावर नाही असं कळवून कोणी ती गॅरेजमध्ये उघडून बसला असेल आणि नवी गॅल्व्हनाइज्ड चासी बसवली असेल, तर तीच या गाडीची सगळ्यात चांगली वर्षं. पण मग फोटो असणार, चासीचं बिल असणार. इतकं मोठं काम केलेला माणूस त्याचे फोटो ठेवतोच. २०१६ चे आणि २०१९ चे मैल शेजारी ठेवा. तीन वर्षांत आकडा हललाच नसेल तर गाडी खरंच उभी होती. हजारो मैल वाढले असतील तर ती बिनतपासणीची फिरत होती, किंवा त्या काळात उत्तर आयर्लंडमध्ये होती. तिथल्या नोंदी वेगळ्या ठेवतात आणि २०१७ पासूनच्याच दिसतात.

आणखी एक. पुढे कधी ४० वर्षांपेक्षा जुनी सीरिज, म्हणजे डिफेंडरच्या आधीच्या पिढीची, लँड रोव्हर बघायला गेलात, तर अलीकडची काहीच नोंद नसण्याची शक्यता आहे. मे २०१८ पासून मोठे फेरफार न केलेल्या अशा गाड्यांना एमओटीची सक्ती नाही. तरी स्वेच्छेनं तपासणी करता येते. विकणाऱ्याला ती करून द्यायला सांगा, खर्च तुम्ही द्या.

प्रश्न : आमच्या भागात वडापला, म्हणजे सीटवर भाडं घेऊन प्रवासी नेण्याला, चालणारी महिंद्रा कमांडर आता खासगी करून विकायला आहे. पिवळ्या पाटीची गाडी घ्यावी का?
— एक वाचक, विटा

उत्तर : चासी आणि फूटबोर्ड धड असतील तर जरूर विचार करा. वडापच्या गाडीला लोक नाकं मुरडतात, पण तिचा एक फायदा आहे. प्रवासी वाहनाला फिटनेस लागतो, आणि ८ वर्षांनंतर तो दर वर्षी घ्यावा लागतो. म्हणजे खासगी जीपपेक्षा तिचे तपासणीचे कागद कितीतरी दाट असतात. नमुना ३८ मधली फिटनेस प्रमाणपत्रं आणि परमिटचे कागद मागून घ्या, मधली कोणती वर्षं गळालीत ते बघा. परमिट रीतसर परत केलं आहे का, प्रवासी कराची बाकी आहे का आणि पोलिसांची ई-चलनं किती थकलीत, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. माणसं कोंबून चाललेल्या गाडीचे मागचे पाटे आणि त्यांचे हँगर आधी बघा. इंजिन नंतर बघितलं तरी चालेल, डीआय इंजिनचं काम गावोगावी होतं.

प्रश्न : आजोबांची १९६८ ची पेट्रोल जीप आहे. 'व्हिंटेज'मध्ये नोंदवावी का? मधल्या काळात तिला डिझेल इंजिन बसवलंय.
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. वयात तुमची जीप बसते. अडचण इंजिनाची आहे. डिझेल बसवलेली जीप मूळ स्वरूपातली धरली जाणार नाही. जुनं पेट्रोल इंजिन घरी कुठं पडलेलं आहे का ते शोधा. आजोबांच्या वेळचं आरसी पुस्तक असेल तर त्यावरचा इंजिन नंबर त्याच्याशी ताडून बघा. जुळला तर ते बसवून मग अर्ज करा. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला तिच्यातून रोज शेतावर जायचं असेल, तर आहे त्या नोंदणीवरच ठेवा आणि डिझेल इंजिनाची नोंद आरसीवर झाली आहे का ते आधी आरटीओत जाऊन बघा.